रविवारची गोळी रोजच्या डब्यात

काकू ६३ वर्षांच्या. राहणार ऐरोली. यजमान रबाळ्याच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले, मुलगा-सून सोबतच. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही हातांची बोटं सकाळी तास-दीड तास आखडून राहायला लागली. मनगटं सुजली, पोळी लाटणं सोडाच, नळाची तोटी फिरवणंही होईना. ठाण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान केलं आणि मेथोट्रेक्सेट सुरू केलं. मात्रा हळूहळू वाढवत १५ मिलिग्रॅमवर स्थिरावली. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री जेवण झाल्यावर एक गोळी. मंगळवारी आणि शुक्रवारी फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. रक्तदाबाची टेल्मिसार्टन तेवढी रोज सकाळी. दर तीन महिन्यांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या होत, आणि त्याचे कागद तारखेनुसार फाइलला लावलेले असत. सोमवारी सकाळी थोडी मळमळ सोडली तर औषधाचा काही त्रास नव्हता. पोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

औषधाच्या बाबतीत काकूंइतका शिस्तीचा पेशंट आमच्या दवाखान्यात क्वचित दिसतो. गोळी चुकली, विसरली, मनाने बंद केली, यांतलं त्यांनी कधी काही केलं नाही. हे मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते ऐकल्यावर पहिला प्रश्न हटकून येतो, ‘पेशंटला कळत नव्हतं का?’ कळत होतं. लिहिलेलं पाळायची सवयच इथे अंगाशी आली.

जुलैत त्यांना जुलाब-उलट्या झाल्या. ऐन पावसाळ्यात आमच्या भागात हे नवीन नाही. अंगातलं पाणी कमी झालं, रक्तदाब उतरला, म्हणून एका खासगी रुग्णालयात ॲडमिट केलं. तीन दिवस सलाईन, मग सुट्टी. क्रिएटिनिन एरवी ०.९ असायचं, ते डिस्चार्जच्या दिवशी १.३ होतं. जुलाबानंतर मूत्रपिंडं अशी थोडी मंदावतात आणि बहुतेकदा आपोआप सावरतात. म्हणून त्या आकड्याकडे कोणी फार लक्ष दिलं नाही.

डिस्चार्ज कार्ड संगणकातून छापलेलं, स्वच्छ, सुवाच्य. चालू असलेली सगळी औषधं त्यात पुन्हा उतरवली होती आणि प्रत्येकापुढे सकाळ-दुपार-रात्र असे तीन आकडे. टेल्मिसार्टन १-०-०. फॉलिक ॲसिड १-०-०. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम ०-०-१. सगळ्यांपुढे ‘३० दिवस’. गोळी रात्रीचीच असल्यामुळे ०-०-१ हे आपल्या जागी बरोबरच होतं. फक्त ती कोणत्या रात्री घ्यायची, हे सांगायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

रुग्णालयाखालच्या औषध दुकानातून तीन पूर्ण पट्ट्या मिळाल्या, तीस गोळ्या. मुलाने त्याच संध्याकाळी सात कप्प्यांचा डबा आणला, आईच्या गोळ्यांचा गोंधळ नको म्हणून. सुनेने कार्ड समोर ठेवून तो भरला. काकू तेव्हा म्हणाल्याही होत्या, ‘अगं, ही मी फक्त रविवारी घेते.’ त्यावर घरात थोडी चर्चा झाली आणि असं ठरलं की आजारपणामुळे हॉस्पिटलने औषध वाढवलं असेल. मोठ्या हॉस्पिटलचा छापील कागद होता, त्यावर सही-शिक्का होता. आपल्या घरांत अशा कागदापुढे पेशंटच्या आठवणीला किती किंमत असते, ते वेगळं सांगायला नको.

पहिली गोळी गुरुवारी रात्री घेतली गेली.

तोंड आलं

मंगळवारी तोंड आलं. जिभेच्या कडेला आणि ओठांच्या आत पांढरट चट्टे, तिखट सोडाच, कोमट दूधही झोंबायचं. घरचं निदान झालं, उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, चट्ट्यांना तूप लावून झालं, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आली. नुकत्याच दिलेल्या अँटिबायोटिकवर खापर फोडून झालं. हे सगळं करताना रात्रीची गोळी मात्र वेळेवर जात होती. शुक्रवारी रात्री ताप भरला, आणि शनिवारी सकाळी मुलगा त्यांना घेऊन आला.

ताप १०१.४, नाडी ११२. तोंडात चट्टे तर होतेच, पण टाळूवरही होते. दोन्ही पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, बोटाने दाबलं तरी न विरणारे. काकूंना ते डास चावल्याचे वाटत होते. दाबून न विरणारा ठिपका म्हणजे त्वचेखाली रक्त झिरपलेलं असतं. तोंडातले चट्टे, ताप आणि हे ठिपके, असे तिन्ही मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसात एकत्र दिसले की आधी औषधाचा हिशोब मागायचा असतो, उष्णतेचा नंतर.

‘कार्ड नको, पट्ट्या दाखवा,’ म्हटलं. मुलगा घरी जाऊन पिशवीच घेऊन आला. मेथोट्रेक्सेटच्या दोन पट्ट्या भरलेल्या होत्या. तिसरीत एकच गोळी शिल्लक. बिलावर मागच्या गुरुवारची तारीख. म्हणजे नऊ रात्रींत नऊ गोळ्या, १३५ मिलिग्रॅम. एरवी तेवढ्या दिवसांत एकच रविवार आला असता, पोटात १५ मिलिग्रॅम गेलं असतं.

एक शिकवण्याजोगी गोष्ट इथे सांगून ठेवतो. ‘औषधं कशी घेता?’ या प्रश्नाला काकूंनी उत्तर दिलं होतं, ‘कागदावर लिहिल्याप्रमाणे.’ उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि त्यातून काहीच कळलं नसतं. कळलं ते पट्टीतल्या रिकाम्या खळग्यांवरून.

तासाभरात सीबीसी आला. पांढऱ्या पेशी १,३००. किमान ४,००० हव्यात. त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, तीस टक्के, म्हणजे जेमतेम ३९०. पाचशेच्या खाली गेलं की साधा जंतूही जिवावर बेततो. प्लेटलेट ३८,०००, दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. हिमोग्लोबिन ९.८, क्रिएटिनिन १.७. त्यांना त्याच दुपारी वाशीच्या एका रुग्णालयात पाठवलं, सोबत पट्टीचा फोटो आणि गोळ्यांचा हिशोब लिहून.

आठवड्याला एकच का

मेथोट्रेक्सेट पेशीला फॉलेट वापरू देत नाही. नवीन पेशी तयार करायची तर आधी डीएनए तयार करावा लागतो आणि त्यासाठी फॉलेट लागतं. ते वापरायोग्य करणारं एक वितंचक, म्हणजे एन्झाइम, हे औषध अडवून धरतं. म्हणून ज्या पेशी सतत नव्या बनत असतात त्यांना पहिला फटका बसतो. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होत असतं. न्यूट्रोफिल रक्तात दिवसभरही टिकत नाहीत, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. काकूंच्या रिपोर्टकडे हे ध्यानात ठेवून पाहिलं की सगळा क्रम जुळतो: आधी तोंड आलं, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळल्या, आणि हिमोग्लोबिन अजून फारसं उतरलेलं नव्हतं. तोंड येणं ही या औषधाच्या अतिरेकाची अगदी सुरुवातीची खूण आहे, आणि नेमकी तीच खूण आपल्याकडे उष्णतेच्या नावावर खपते.

आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी रक्तातून लवकर उतरते, पण पेशींच्या आत तिचा अंश बराच काळ राहतो, म्हणून सांध्यांची सूज आठवडाभर ताब्यात राहते. मधल्या सहा दिवसांत हाडांतली रक्तपेशी बनवणारी मज्जा आणि अस्तर सावरून घेतात. रोज गोळी गेली की सावरायला फुरसतच मिळत नाही. या औषधात एका वेळी किती गेलं यापेक्षा किती दिवस सलग गेलं हे जास्त घातक ठरतं. मूत्रपिंडं धडधाकट असलेल्या माणसाने चुकून एकदाच बऱ्याच गोळ्या घेतल्या तरी अनेकदा मोठा अनर्थ होत नाही, कारण आतडं एका मर्यादेपलीकडे शोषतच नाही. रोजची एक-एक गोळी मात्र नऊ दिवसांत माणसाला अतिदक्षता विभागाच्या दारात नेते. अशा चुकीने जगभर माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत तशी ताकीद छापलेली असते.

मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जातं ते मुख्यतः लघवीवाटे. काकूंची मूत्रपिंडं जुलाबामुळे आधीच मंद होती, त्यामुळे प्रत्येक गोळी आत जास्त वेळ रेंगाळली. क्रिएटिनिनचा तो दुर्लक्षित १.३ इथे महागात पडला. डायलिसिसवरच्या रुग्णाला तर एखादी गोळीही झेपत नाही; त्यांना हे औषध देऊच नये.

आणखी एक प्रश्न मुलाने विचारला, आणि तो अगदी रास्त होता: फॉलिक ॲसिड रोज चालू होतं ना, मग त्याने का वाचवलं नाही? फॉलिक ॲसिडला कामाला येण्यासाठी तेच वितंचक लागतं, जे मेथोट्रेक्सेटने अडवलेलं असतं. आठवड्याच्या नेहमीच्या मात्रेत फॉलिक ॲसिडमुळे मळमळ आणि तोंड येणं कमी होतं, तेवढं त्याचं काम. अतिरेक झाल्यावर लागतं फॉलिनिक ॲसिड, ज्याला ल्युकोव्होरिन म्हणतात. ते अडवलेली वाट टाळून थेट पेशीच्या उपयोगी पडतं.

या फॉलेटची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, त्या बायकांचं रक्त सुधारतं हे त्यांनी दाखवून दिलं. १९३१ साली ते प्रसिद्ध झालं. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि त्याला विरोध करणारी द्रव्यंही. त्यांतलंच एक वापरून सिडनी फार्बर या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटल्याचं दाखवलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं. कर्करोगात आजही ते फार मोठ्या मात्रेत, कधी कधी ग्रॅममध्ये देतात, आणि पाठोपाठ ल्युकोव्होरिन. संधिवाताची मात्रा त्यापुढे चिमूटभर. मोबाइलवर ‘कॅन्सरचं औषध’ असं वाचून घाबरलेले पेशंट दर महिन्याला भेटतात, त्यांना हा फरक सांगावा लागतो.

वाशीत

मेथोट्रेक्सेट अर्थातच थांबवलं. ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दर सहा तासांनी सुरू झाली. रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी तपासायला पाठवली, पण तिची वाट पाहिली नाही, आणि ते योग्यच केलं. थोडं-थोडं बरेच दिवस गेलेलं असेल तर पातळी अगदी कमी येऊ शकते आणि तरीही मज्जा होरपळलेली असते. तिथला कमी आकडा पाहून उपचार थांबवणं ही दुसरी चूक ठरली असती. तापासाठी शिरेतून अँटिबायोटिक, सलाईनमधून बायकार्बोनेट, कारण अल्कधर्मी लघवीत मेथोट्रेक्सेट चांगलं विरघळतं आणि मूत्रपिंडात साचत नाही. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनंही दिली. तोंडामुळे चार दिवस गिळता येत नव्हतं. भाताची पेज थंड करून चमच्याने.

ताप पाचव्या दिवशी उतरला. पांढऱ्या पेशी नवव्या दिवशी ४,००० च्या वर गेल्या, प्लेटलेट त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लाखापलीकडे. क्रिएटिनिन १.० वर आलं. काकू घरी आल्या, सात किलो उतरून.

चूक कुठे अडली असती

मुलाला त्या पहिल्या रुग्णालयाशी भांडायचं होतं. सुनेला स्वतःचाच राग येत होता, कारण डबा तिने भरला होता. मी तिला सांगितलं, ‘तू कार्डावरचं जसंच्या तसं भरलंस, तेच तुझं काम होतं.’ माझं मत असं, की या साखळीत सर्वांत स्वस्तात चूक अडवता येणारी जागा औषध दुकानाचा काउंटर होती. ऐरोलीतला काकूंचा नेहमीचा मेडिकलवाला त्यांना महिन्याला चारच गोळ्या द्यायचा, पट्टी कापून, नावाचा भाग शाबूत ठेवून, पाकिटात घालून. घरात चारच गोळ्या असतील तर रोज घेऊनही पाचव्या दिवशी माणूस पुन्हा दुकानात येतो आणि दुकानदार विचारतो, ‘इतक्यात संपल्या?’ पाचव्या दिवशी अजून तोंडही आलेलं नव्हतं. तीस गोळ्या हातात दिल्या की तो प्रश्न विचारायला महिनाभर कोणी उरत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटच्या तीस गोळ्या एकदम मागणारी चिठ्ठी आली, तर फार्मासिस्टने डॉक्टरला फोन केल्याशिवाय पट्टी पुढे सरकवू नये. यात गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे.

दुसरी जागा तो तक्ता. १-०-० ची भाषा रोजच्या औषधांसाठी आहे. आठवड्याच्या औषधाला ती लावली की संगणकही निमूटपणे रोजचं छापतो. तिथे वाराचं नाव पूर्ण लिहायला हवं, आणि ‘इतर दिवशी घेऊ नये’ हेही. कशासाठी देतोय तेही लिहावं, ‘संधिवातासाठी’, म्हणजे वाचणाऱ्याला मात्रा कुठली असायला हवी याचा अंदाज येतो. युरोपीय औषध संस्थेने २०१९ साली नेमक्या याच चुकीसाठी शिफारशी केल्या: वेष्टनावर आठवड्यातून एकदाच अशी ठळक सूचना, पेशंटजवळ ठेवायचं कार्ड, बाटलीऐवजी पट्टी. आपल्याकडे पट्टी आधीपासूनच आहे, बाकीच्या दोन गोष्टी करायला काही खर्च नाही.

डब्याबद्दलही बोलायला हवं, कारण तो सगळेच घेतात. रोजच्या गोळ्यांसाठी तो उत्तम. पण मेथोट्रेक्सेट मुळात पिवळं द्रव्य, फॉलिक ॲसिडही पिवळं. पट्टीबाहेर काढून शेजारी ठेवल्यावर वयस्क डोळ्यांना फरक कळत नाही. आठवड्याची गोळी डब्यात नकोच. हाच घोळ आणखी एका औषधात मी वरचेवर पाहतो, ६०,००० युनिटच्या डी जीवनसत्त्वात. आठवड्याला एक असलेली कॅप्सूल लोक रोज घेतात, आणि दोन-तीन महिन्यांनी मळमळ, बद्धकोष्ठ, वाढलेलं कॅल्शियम घेऊन येतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिली जाणारी ७० मिलिग्रॅमची अलेंड्रोनेटही आठवड्याचीच.

मेथोट्रेक्सेट चालू असताना आणखी काही गोष्टी घरातल्यांना माहीत असाव्यात. ताप, तोंड येणं, अंगावर ठिपके, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागणं: यांपैकी काहीही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तेव्हाही तसंच. लघवीच्या जंतुसंसर्गावर कोट्रायमॉक्साझोल देतात, ते मेथोट्रेक्सेटसोबत चालत नाही. दोघंही फॉलेटच्याच मुळावर उठतात. दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये. दारूने यकृतावरचा भार वाढतो. आणि गरोदरपणात हे औषध पूर्ण वर्ज्य, गर्भाला इजा करतं. मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून ते थांबवावं लागतं.

घटनेची नोंद आम्ही भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे केली. २०१० पासून तो चालू आहे आणि त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. पेशंट किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर दुष्परिणाम कळवू शकतात. हे फारसं कोणाला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. पहिल्या रुग्णालयालाही पत्र लिहिलं, तक्रारीच्या सुरात न लिहिता पट्टीचा फोटो आणि कार्डाची प्रत जोडून. त्यांच्याकडून फोन आला, त्यांनी मान्य केलं की त्यांच्या संगणकात आठवड्याच्या औषधासाठी पर्यायच नाही आणि तो घालून घेऊ म्हणाले.

पुन्हा तेच औषध?

महिन्याभरात काकूंची मनगटं परत सुजली. ठाण्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचं नाव काढताच त्यांनी हात जोडले. ‘विषाची परीक्षा एकदा झाली, डॉक्टर. आता नको.’ मुलगाही ठाम होता. डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या संधिवाताच्या दुसऱ्या औषधावर सहा आठवडे काढले, पुरेसा उतार पडला नाही. मग त्यांनी फाइल उघडून दोन वर्षांचे सीबीसी एका ओळीत मांडले: आठवड्याला एक गोळी असताना एकदाही पेशी उतरलेल्या नव्हत्या. काकूंनी ते सगळे आकडे चष्मा लावून स्वतः वाचले.

क्रिएटिनिन आणि सीबीसी नीट असल्याची खात्री करून ७.५ मिलिग्रॅमवर पुन्हा सुरुवात झाली, पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी रक्त तपासून. फॉलिक ॲसिड डब्यात जातं, मेथोट्रेक्सेट काकांच्या ताब्यात, कपाटाच्या वरच्या खणात. रविवारी रात्री ते स्वतः गोळी काढून देतात आणि कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने गोल करतात. गोल दिसला की त्या आठवड्यात दुसरी गोळी नाही, मग कोणी काहीही लिहून देवो. सध्या मात्रा १० मिलिग्रॅमवर आहे. दिवाळीआधीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ६,२००, प्लेटलेट २ लाख ३० हजार. डाव्या मनगटाची सूज थोडी बाकी आहे, त्यासाठी पुढच्या भेटीत मात्रा वाढवायची का ते ठरेल.